उदबत्तीभर विसर

शिनचू, २६ सप्टेंबर २०११

डॉक्टर फान यान-छिंग, प्लांट हेड, ताइनान, यांस —

पत्र पोचलं. चार वर्षं बहीण आहे की गेली याची विचारपूस नाही, आणि आता एकदम दोन पानं, तीही सुवाच्य अक्षरात. तेव्हाच म्हटलं, याचं काहीतरी अडलंय.

पहिल्या पानावर माझे गुडघे, इथला वारा आणि आईच्या थडग्यावरचं गवत. दुसऱ्या पानाच्या तळाशी, हळूच: "जाता जाता विचारतो ताई, त्या पूजेच्या दिवशी तू नेमकं काय केलं होतंस?" ताकाला जाऊन भांडं लपवायची तुझी खोड काही गेली नाही. सरळ लिहायचं की तुझ्या नव्या कारखान्यातले एलईडी मिणमिणतात. इथे आम्हा बायकांना सगळं कळतं. चिप जिच्यातून कापतात ती चकती तीच, मशिनं तीच, तुझ्याच सहीचा कृतीचा कागद, आणि तरी तुमच्या चिपचा उजेड आमच्यापेक्षा तीस टक्क्यांनी कमी. चेअरमननी तुला हिवाळ्याच्या सणापर्यंत मुदत दिलीय. बावीस डिसेंबरला ताइनानात तांदळाचे गोड गोळे तू वाटणार की तुझ्या जागी आलेला माणूस, एवढंच ठरायचं बाकी आहे म्हणे.

तर मी काय केलं? मी विसरले.

हे मी म्हणत नाही, तूच सांगितलंस. ताइपेइच्या सभागृहात, बक्षीस घेताना, सातशे माणसांसमोर. मी अकराव्या रांगेत होते. माझ्या शिफ्टमधल्या आ-फंगचे बूट उसने घालून आले होते आणि ते चावत होते. तू माइक हातात घेऊन म्हणालास, "माझी ताई टाकीवर काम करते, फार विसराळू. सातव्या महिन्यात भुताखेतांची पूजा होती. सगळा कारखाना गेटवर. ताई चकत्या धुवायच्या कॉस्टिकच्या टाकीत तशाच विसरून गेली, उदबत्ती जळून होईपर्यंत. चार मिनिटांऐवजी चाळीस मिनिटं. दुसऱ्या कुणी त्या भंगारात टाकल्या असत्या. मी त्या मोजून पाहिल्या. उजेड दुप्पट." लोक हसले. चेअरमनसाहेब तर डोळे पुसत हसले. शेजारची बाई माझ्याकडे वळून म्हणाली, "बहीण अशी हवी."

आता सांग, विसराळू बाईला आठ वर्षांपूर्वीचं काय आठवणार?

गुडघे बरे आहेत.

फान चिन-मेइ

⁂

शिनचू, १० ऑक्टोबर २०११

यान-छिंग,

स्वतः यायला तोंड नाही म्हणून बायकोला पाठवलंस. पेइ-युन बिचारी ताइनानहून दुधमाशांची पेटी घेऊन आली, बर्फ वितळून तिच्या मांडीवर गळत होता. तिच्यावर माझा राग नाही. तिला मी चहा दिला, शिनपूची वाळवलेली पर्सिमनची फळं दिली. वारा सुटलाय, सध्या सगळ्या गच्च्यांवर तीच वाळत घातलेली आहेत.

ती म्हणाली, "ताई, त्यांना जेवण जात नाही. कॉस्टिक चौथ्यांदा बदललं. कागदावर बारा मिनिटं लिहिलीत तर वीस ठेवून पाहिलं, पन्नास ठेवून पाहिलं, जास्त तापवून पाहिलं. चकतीला नुसते खड्डे पडतात, उजेड येत नाही."

"मग?"

"मग एक इंजिनियर म्हणाला, मूळ प्रयोगात उदबत्तीच होती, तर तसंच करू. आता टाकीच्या खोलीच्या काचेबाहेर उदबत्ती लावतात आणि ती जळेपर्यंत चकत्या टाकीत ठेवतात. यांनी शिनचूच्या देवळातून त्याच जाडीची उदबत्ती मागवलीय."

मी हसले नाही. शप्पथ. स्वयंपाकघरात जाऊन हसले.

अमेरिकेतून डॉक्टर होऊन आलास रे बाबा, आणि काचेबाहेर उदबत्ती लावून बसलास. मी काही शिकलेली नाही, आठवीनंतर शाळा सोडून कापडाच्या गिरणीत लागले ते कुणासाठी, हे मी या पत्रात काढणार नाही. पण उदबत्तीने चिप उजळत नाही एवढं मलाही कळतं.

पेइ-युन जाताना म्हणाली, "तुम्हाला माहीत असेल तर सांगून टाका ना. सख्खा भाऊ आहे."

मी म्हटलं, "सख्खा आहे म्हणूनच."

आता तू जो दिवस इतका मजेशीर करून सांगतोस, तो कसा होता ते ऐक. गेटवर टेबलं मांडली होती. नूडल्सची खोकी, बिस्किटं, कोकची बाटली, प्रत्येकात एकेक उदबत्ती खोचलेली. मी परत आत आले, अंगावर पांढरा सूट चढवला, आणि टाकीपाशी पोचले तर शिफ्टचा साहेब चकत्यांची टोपली हातात धरून उभा. आरशासारख्या चकत्या दुधाळ झाल्या होत्या. तो म्हणाला, "चिन-मेइ, हे काय आहे?" तू त्याच्या शेजारी उभा होतास.

मी म्हटलं, "विसरले, साहेब."

त्याने कागद पुढे केला. 'कामाची जागा सोडून गेले व माल टाकीत विसरले.' मी सही केली. माझ्या नावावर एक मोठा दोष लागला, तो आजही आहे. चार दिवसांनी त्याच चकत्या तू मोजल्यास आणि दोन वर्षांनी तुझ्या नावाचं पेटंट भिंतीवर लागलं. आयत्या बिळावर नागोबा ही म्हण तुझ्याकडे बघूनच कुणीतरी केली असेल.

मासे आ-फंगला दिले. मी दुधमासा खात नाही, काटे फार. हे तुला माहीत असायला हवं होतं.

चिन-मेइ

⁂

शिनचू, २४ ऑक्टोबर २०११

यान-छिंग,

आता खरा बोललास. "किती वर्षं तेच उगाळणार? तू विसरलीस हे मी रचलेलं नाही. कागदावर सही तुझी आहे." हे पत्र मला पहिल्यापेक्षा आवडलं. यात गुडघे नाहीत.

सही माझी आहे, खरंय. आणि ती खोटी आहे.

मी विसरले नव्हते. नीट वाच, परत लिहिते. मी विसरले नव्हते.

दोन पानं लिहून फाडली, मग हे तिसरं. आठ वर्षं हे कुणाला बोलले नाही, आ-फंगलासुद्धा नाही. तर ऐक. त्या वर्षी एप्रिलमध्ये मी एक चकती टाकीतून काढून तपासत होते. तिच्यावर कॉस्टिकचा एक थेंब राहून गेला होता. तेवढ्यात कुणीतरी हाक मारली म्हणून मी गेले. परत आले तर थेंबाखाली दुधाळ डाग पडलेला, करंगळीच्या नखाएवढा. मी ती चकती तशीच पुढे पाठवली, आणि मोजणीच्या कागदावर पाहिलं. त्या डागातल्या चिप्सचा उजेड बाकीच्यांहून कितीतरी जास्त. गुळगुळीत चकतीत उजेड आतल्या आत आपटत राहतो आणि तिथेच मरतो, हे तुम्हीच तर आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. वरची बाजू खरबरीत झाली की तो बाहेर निघतो. मी काय मूर्ख आहे, एवढं न कळायला?

मी तो कागद घेऊन तुझ्याकडे आले. तुला आठवतं? नाही आठवणार. कॅन्टीनमध्ये तू वाफाळत्या तांदळाच्या शेवया खात होतास. मी म्हटलं, "यान-छिंग, हा डाग बघ जरा." तू बघितलंस, आणि म्हणालास, "ताई, डाग म्हणजे डाग. टाकीवरच्या बायकांनी चकती नीट धुवावी, बाकी आमच्यावर सोडा." तुझ्या टेबलावरचे दोघे इंजिनियर हसले. आता विसराळू कोण, तूच ठरव.

मग मी ठरवलं, आपणच करून पाहू. होड्यांच्या सणाला सुट्टीच्या शिफ्टमध्ये एक फुटकी चकती पाच मिनिटं ठेवून पाहिली. जुलैत दुसरी, दहा मिनिटं. अख्ख्या चकतीला जास्त वेळ हवा होता आणि इंजिनियर लोक सतत काचेपाशी. सगळे एकदम बाहेर जातील असा वर्षात एकच दिवस असतो, आणि पूजा किती वेळ चालेल हेही ठरलेलं असतं. चेअरमन धार्मिक, उदबत्ती पुरती जळाल्याशिवाय ते कुणाला गेटवरून हलू देत नाहीत. बारा ऑगस्टला मी पाच चांगल्या चकत्या टाकीत सोडल्या आणि बाहेर जाऊन हात जोडून उभी राहिले. भुतांना म्हटलं, खा निवांत, घाई करू नका.

मग 'विसरले' का म्हणाले? कारण विसरण्याला एक दोष होता आणि मुद्दाम माल खराब करण्याला बडतर्फी होती. आई त्या वर्षी आठवड्यातून तीनदा मशीनवर रक्त धुवून घ्यायची. तुझा पहिला पगार नुकता सुरू झाला होता, तो तू ताइपेइच्या घरासाठी साठवत होतास. मी भ्यायले. मला वाटलं, आत्ता विसरले म्हणू, उजेड वाढलेला दिसला की यान-छिंगला खरं सांगू, तो साहेबांना सांगेल. संध्याकाळी तुला सांगायला आले तर तू म्हणालास, "ताई, तुझ्या गलथानपणाने मला मान खाली घालावी लागली." मग मी नाही सांगितलं. चार दिवसांनी सांगायला हवं होतं, ते माझं चुकलं. तोवर तू सगळीकडे सांगत सुटला होतास.

त्यानंतरचे तुझे सगळे प्रयोग माझ्याच हाताने झाले. तू काचेच्या पलीकडून घड्याळ लावून मिनिटं लिहायचास, आणि मिनिटांपलीकडे तुला काही दिसलं नाही. निम्मी गोष्ट तुझ्या कागदावर आहे, निम्मी माझ्या आणि टाकीवरच्या माझ्या मुलींच्या हातात. इथे उजेड येतो तो त्या निम्म्यामुळे. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. शिकवलेल्या मुलींना कामावरून कुणी काढू शकत नाही, एवढा तरी फायदा झाला.

तुला ती निम्मी हवी असेल तर माझी एकच अट. नोव्हेंबरच्या अखेरीस कंपनीची सभा आहे. तिथे उभा राहा आणि म्हण, "माझी बहीण विसरली नव्हती. तिने ते विचार करून केलं." पेटंट तुलाच राहू दे, बक्षीसही पूज. मी डिसेंबरअखेर निवृत्त होतेय. जाताना माझ्या नावापुढचं 'विसरले' पुसलेलं हवं, बाकी तुझं मला काही नको.

चिन-मेइ

⁂

शिनचू, ११ नोव्हेंबर २०११

यान-छिंग,

दोन आठवडे लावलेस, आणि पत्र वकिलाच्या शेजारी बसून लिहिलंयस हे पहिल्या ओळीत कळलं. तू "मनापासून मान्य" करतोस. कंपनीच्या मासिकात माझा फोटो छापायला तू "प्रयत्न" करशील. पण सभेत बोलणं "सध्या योग्य नाही", कारण चकत्या मी जाणूनबुजून ठेवल्या असं झालं तर शोध तुझा उरत नाही, आणि पेटंटच्या अर्जावर तू शपथेने लिहिलंयस की तुझाच आहे. विसरणारी बाई चालते, विचार करणारी चालत नाही. एवढं स्वच्छ मीसुद्धा लिहू शकले नसते.

हे वाचून मी पत्र मिठाच्या बरणीखाली ठेवलं होतं आणि ठरवलं होतं की आता उत्तर नाही. मर तिथे मिणमिणत.

मग शेवटचा परिच्छेद वाचला. तुला वाटलं असेल, कामाची एक साधी बातमी. "इथे हात धुवून मागे लागूनही मुलींमध्ये शिस्त नाही. उजेड कमी आला म्हणून तिघींच्या नावावर दोष लावले. दोघींनी 'हयगय झाली' असं लिहून दिलं. मारिसेल नावाची फिलिपिन्सची मुलगी सही करत नाही, म्हणते मी कागदात लिहिलंय तसंच केलं. तिचा करार रद्द करून महिनाअखेर परत पाठवतोय."

कागद खोटा आहे, यान-छिंग. तुझा कागद. आणि त्यावर लिहिल्याप्रमाणे करणाऱ्या पोरीला तू विमानात बसवतोयस. तिला काय वाटत असेल ते मला विचार. फरक एवढाच की ती माझ्यापेक्षा धीट आहे. तिने सही केली नाही.

मी येतेय. अठरा तारखेला, सकाळच्या वेगवान गाडीने. तुझ्यासाठी नाही. स्टेशनवर गाडी पाठवू नकोस, मी बसने येईन. तू टाकीच्या खोलीत येणार नाहीस. काचेबाहेर उभा राहा, तिथे तुला सवय आहे.

चिन-मेइ

⁂

शिनचू, २० नोव्हेंबर २०११

यान-छिंग,

काचेतून तुला काय दिसलं मला माहीत नाही. तू हात हलवलास तेव्हा मी मुद्दाम पाठ केली.

मारिसेल भेटली. ठेंगणी, मनगटावर कॉस्टिकचे जुने डाग, आपली भाषा मोडकी पण नजर पक्की. मी म्हटलं, "दाखव कसं करतेस." तिने बिनचूक केलं. पाण्यात धुतलं, आम्लात बुडवलं, पुन्हा धुतलं, बारा मिनिटं कॉस्टिकमध्ये, काढलं, वाळवलं, मग जांभळ्या दिव्याखाली धरून पाहिलं. म्हणाली, "मावशी, बरोबर?"

"कागदाप्रमाणे बरोबर."

"मग उजेड का नाही?"

"कारण कागद लिहिणाऱ्याने मला दिवा धरून उभी असलेली पाहिलं आणि त्याला वाटलं मी तपासतेय."

तुझ्या कागदावरची सातवी ओळ वाच. 'दिव्याखाली तपासावे.' तो अदृश्य किरणांचा जांभळा दिवा आम्ही चकती बघायला लावत नाही. चकतीला लावतो. टोपली कॉस्टिकमध्ये असतानाच वरून सोडतो, पहिल्या मिनिटापासून बाराव्यापर्यंत. तो नसला तर कॉस्टिक कुठेतरी खड्डे करतं आणि कुठे शिवतसुद्धा नाही. तो असला की सगळीकडे सारखे बारीक सुळके उगवतात. एप्रिलमध्ये तो थेंब दिव्याखाली राहिला होता, म्हणून डाग पडला. पूजेच्या दिवशी मी दिवा स्टँडला बांधून चालू ठेवून गेले होते. साहेब चकत्यांकडे बघत होता तेव्हा तू तो बंद केलास. माझ्या देखत. "वीज जाते फुकट," म्हणालास. शोध असा तुझ्या हाताला लागला होता, आणि तू बटण दाबून तो घालवलास.

मी मारिसेलला म्हटलं, "चष्मा लाव, डोळे जातील. आता टोपली सोड आणि दिवा वर धर." बारा मिनिटं आम्ही दोघी उभ्या राहिलो. तिने मला गावाकडे असलेल्या तिच्या मुलीचा फोटो दाखवला, सात वर्षांची आहे, दात पडलेत. चकती बाहेर आली ती दुधाळ. दुपारी मोजणी आली. शिनचूपेक्षा दोन टक्के जास्त. हात चांगला आहे तिचा.

ती रडायला लागली. मी म्हटलं, "रडू नंतर. आधी लिही." तुझ्या कागदावर सातव्या ओळीशेजारी तिने तिच्या वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं, दिवा कधी लावायचा, कुठे धरायचा, तारीख, वेळ, आणि खाली नाव. तिचं आणि माझं. मी तिला सांगून ठेवलंय, कुणी काही विचारलं तर 'विसरले' हा शब्द तोंडातून काढायचा नाही. खरोखर विसरलीस तरी नाही.

तुझा उजेड आला. सणाला महिना आहे अजून. माझ्या अटीचं काय करायचं ते तुझं तू बघ. मी काही मागायला आले नव्हते, हे लक्षात ठेव.

चिन-मेइ

⁂

शिनचू, १९ डिसेंबर २०११

यान-छिंग,

हे शेवटचं पत्र. उत्तर पाठवलंस तर न फोडता परत येईल.

सभेत तू बोललास. आ-फंगने शूटिंग करून आणलं. तू ताइनानचा उजेड वाढल्याचं सांगितलंस, टाळ्या झाल्या. मग तू माइक हातात घेऊन, तसाच, हसत म्हणालास, "गंमत बघा, यावेळीही असंच झालं. आमच्या एका मुलीकडून टाकीवरचा दिवा अनवधानाने चालू राहिला. आम्ही मोजून पाहिलं." आणि लोक तसेच हसले.

मारिसेलला परत पाठवलं नाहीस, हे मला कळलंय. तिच्यापुढे कागद ठेवलास, 'दिवा चालू राहिला हे लक्षात आले नाही', आणि सही केली तर करार तीन वर्षांनी वाढवीन म्हणालास. तिने मला फोन केला. म्हणाली, "मावशी, मुलगी लहान आहे. काय करू?" मी म्हटलं, "कर सही. मीही केली होती." मग फोन ठेवला. मला स्वतःची लाज वाटली. तुझी वाटून घ्यायचं मी कधीच सोडून दिलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कंपनीच्या कामगार खात्यात गेले. तिथे मिस ल्याओ असते, तुला आठवणार नाही, तुला टेबलापलीकडची माणसं आठवत नाहीत. मी म्हटलं, "माझ्या फाइलमध्ये बारा ऑगस्ट २००३चा एक जबाब आहे. तो खोटा आहे. मला नवीन द्यायचाय."

तिने फाइल काढली. वाचलं. म्हणाली, "मावशी, तुमच्या निवृत्तीला सतरा दिवस राहिलेत. हॉल सजवायचा ठरलाय, केकची ऑर्डर गेलीय. आता हे कशाला?"

"लिही."

"काय लिहू? विसरल्या नव्हत्या, मग काय झालं होतं?"

मी सगळं सांगितलं. एप्रिलचा थेंब, कॅन्टीन, फुटकी चकती, उदबत्ती, दिवा. तिने चार पानं लिहिली. मध्येच पेन थांबवून म्हणाली, "हे असं लिहिलं तर नियमाप्रमाणे तुम्हाला काढावं लागेल. निवृत्ती मिळणार नाही, बडतर्फी मिळेल." मी म्हटलं, "तोच नियम तेव्हाही होता. तेव्हा भ्यायले होते." आई आता नाही, यान-छिंग. ज्याच्यासाठी भ्यावं असं कुणी उरलेलं नाही.

जबाबाला मारिसेलने हाताने लिहिलेल्या त्या कागदाची प्रत जोडली. तिची सही नंतर घेतलीस, पण कागदावरची तारीख आधीची आहे, तीही मला विचारून तिने घातली होती. एक संच कामगार खात्याला, एक पेटंटच्या विभागाला, एक चेअरमनना. तुझं ते काय करतील ते मला ठाऊक नाही. तुझ्या वकिलाला ठाऊक असेल. पेइ-युनला सांग, तिच्याबद्दल माझ्या मनात काही नाही.

काल चौकशी झाली. तीन साहेब होते. मधला म्हणाला, "बाई, तुम्ही वयस्कर आहात, आठवणीत घोटाळा झाला असं लिहून द्या, आम्ही मिटवतो." विसरल्याचं मी विसरले, असं लिहून हवं होतं त्याला. मी नाही म्हटलं. त्याने विचारलं, "मग कंपनीचा चांगला माल तुम्ही समजून-उमजून टाकीत ठेवलात?" मी हो म्हटलं. "कुणाच्या सांगण्यावरून?" मी म्हटलं, "कुणाच्याच नाही." "उजेड वाढेल हे तुम्हाला आधी माहीत होतं?" मी म्हटलं, "माहीत नव्हतं, वाटत होतं. म्हणून तर करून पाहिलं." तिघांतला सगळ्यात तरुण होता तो खाली बघून लिहीत होता, त्याने मान वर करून एकदा माझ्याकडे पाहिलं.

आज पत्र आलं. अठरा वर्षांची नोकरी संपली. हॉल नाही, केक नाही, फुलं नाहीत. आ-फंग आणि मुली जेवणाच्या सुट्टीत गेटपर्यंत आल्या, त्यांना अर्धा तासही मिळाला नाही.

बडतर्फीच्या पत्रात कारणाचा रकाना असतो. त्यात छापील अक्षरांत आहे: 'सदर कर्मचाऱ्याने ऑगस्ट २००३ मध्ये, कुणाचीही परवानगी न घेता, स्वतःच्या कल्पनेने व पूर्ण जाणीवपूर्वक, चकत्यांवर किरणांच्या दिव्याखाली कॉस्टिकचा प्रयोग केला.' खाली कंपनीचा लाल शिक्का आणि चेअरमनची सही.

बाजारातल्या चौकटवाल्याकडे दिलंय. त्याने विचारलं, बाई, कसलं प्रमाणपत्र आहे. मी म्हटलं, वाच.

फान चिन-मेइ